बरणी हलवत जा

(कोपर स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावरचं घर. आतल्या खोलीत निशा, दार आतून बंद. दारासमोर निशाचा नवरा कमलेश आणि महिला हवालदार लक्ष्मीबाई. बाहेर जिन्यात दुसरा पोलीस.)

कमलेश : झोपलीय ती, सांगितलं ना मॅडम. तुम्ही आधी सांगा. फोन कुणी केला तुम्हाला?

लक्ष्मीबाई : तिला बघू दे, मग सांगते.

कमलेश : प्रीतमच असणार. तिच्या ऑफिसातला. मी नोकरी सोडायला लावली, तरी हा काही पिच्छा सोडत नाही.

लक्ष्मीबाई : निशा, मी लक्ष्मीबाई, चौकीतून आलेय. ऐकू येतंय का, बाय?

कमलेश : नवऱ्याशी परवापासून बोलत नाही, तुमच्याशी बोलेल होय?

लक्ष्मीबाई : का नाही बोलत?

कमलेश : हात उचलला गेला. होतं घरात. खालच्या इस्त्रीवाल्याशी हसून बोलली. माझ्याशी हसली असती तर कशाला मारलं असतं?

लक्ष्मीबाई : दारापासून बाजूला हो. आणखी मागे. निशा, सरळ विचारते, सरळ सांग. जीव द्यावा असं मनात येतंय का?

निशा : हो.

लक्ष्मीबाई : सांगितलंस, बरं केलंस. काही केलंयस का?

निशा : नाही अजून.

कमलेश : नाटकं आहेत. त्याच्या कानावर घालायचं असेल. पण कळवलं कसं? तिच्या मोबाईलमधले सगळे नंबर मी काढून टाकलेत.

लक्ष्मीबाई : सगळे?

कमलेश : माझ्या आईचा तेवढा ठेवला.

लक्ष्मीबाई : त्याच नंबरवर सकाळी बोलली ती. म्हणाली, कैरीचं लोणचं घातलंय, बरणी रोज हलवत जा, नाहीतर वरच्या फोडी खराब होतील.

कमलेश : मग? सासू-सुना लोणच्याचं बोलणारच.

लक्ष्मीबाई : बरणी इथं तुझ्या ओट्यावर. तुझी आई गंगुबाई तिकडे विठ्ठलवाडीला. आपल्या घरातली बरणी कुणी दुसऱ्याला हलवायला सांगतं का? म्हातारीने ओळखलं, पोर निरोप घेतेय. तशीच आमच्याकडे आली.

कमलेश : आई? पोलिसांत?

लक्ष्मीबाई : हो. प्रीतम कोण, मला ठाऊकही नाही.

कमलेश : मला टायफॉईड झालेला तेव्हा म्हणाली, जमेल तशी येते. आणि हिच्यासाठी धावत आली.

लक्ष्मीबाई : आता आईवरनं पण जळतोस? मघापासून फोन कुणी केला तेवढंच विचारतोयस. आत ती कशी आहे, ते एकदा तरी विचारलंस?

निशा : आई आल्यात?

लक्ष्मीबाई : खाली रिक्षात बसल्यात. आधी डॉक्टरकडे जाऊ, मग त्यांच्याकडेच राहा. मी आहे बरोबर. हा इथंच थांबेल, आमचा माणूस आहे दारात.

कमलेश : माझी आई आहे ती.

लक्ष्मीबाई : तिला वर बोलवू का, निशा?

निशा : नको. जिने चढू देऊ नका त्यांना. गुडघा सुजलाय. मीच येते खाली.

लक्ष्मीबाई : ये बाय. ओट्यावरची बरणी मी घेते बरोबर.