उसना आजा

न्हाई, न्हाई, आदी माजं पाय बघा! झिजल्यात का न्हाई? अवो, पाया पडून पडून झिजिवलं लोकांनी! हितं पुनतांब्यात उभ्या जन्मात कुनी वाकलं न्हाई माज्याफुडं, आन् तिकडं बरमिंगमात सूटबूटवालं डॉक्टर, इंजिनेर गुडघ्यावर... तुमाला सांगतो, मी तर हबकलोच!

गेल्तो कशाला? नातवासाठी! आमचा गोरक्ष तिकडं डॉक्टर. त्याचं पोरगं, कानिफ, चार वर्साचं झालं, पन मी फोटूतच बघितल्यालं. म्हटलं, एकदा मांडीवर घेतो, मळ्यातल्या बैलांच्या गोष्टी सांगतो, मग डोळं मिटाया मोकळा. आमची घरवाली रतनबाई म्हनली, "जावा तुमी, माजी म्हैस व्यायची हाय." इमानातनं उतरतोय तर फुडं पन्नासभर मानसं, हार घिऊन! म्हटलं, मागं कुनी मंत्री हाय का काय... वळून बघतो तर कुनीच न्हाई. हार माज्याच गळ्यात!

त्यात एक विजयमालाबाई. पुन्याकडच्या, तिकडच्या मराठी मंडळाच्या चिटनीस. म्हनल्या, "आबासाहेब, आमच्याकडे गणपती आहे, हळदीकुंकू आहे, लेझीमसुद्धा आहे हो! फक्त म्हातारं माणूस नाही!" आन् खरंच की! समदी तिशीतली जोडपी, आईबाप इकडं ठिवून गेल्याली. आता तुमीच सांगा, दसऱ्याचं सोनं द्यायचं कुनाच्या हातात?

मग काय, वाटूनच घेतलं मला! सकाळी एकाचं बारसं, दुपारी दुसऱ्याची रुसल्याली बायकू. तिची समजूत कुनी घालायची? मी! ज्याला रतनबाईची कदी घालता आली न्हाई, त्यानं! एका बाईनं लोनचं फुडं ठिवलं, म्हनती, "आबा, नावं ठेवा ना! सासरे असते तर ठेवली असती." म्हटलं, खारट हाय. तर बया रडाया लागली... खुशीनं! मी तर हबकलोच! तेवढ्यात शेजारचा सरदारजी दारात, "बाबाजी, एक घंटा हमको भी!"

आन् नातू? रात्री यावं तर पोरगं झोपल्यालं, सकाळी उठावं तर न्यायला गाडी उभी. गोरक्षवर वरडलो, "आरं, मी तुजा बाप हाय का गावचा?" तर म्हनतो, "आबा, ऐतवारी घरीच ऱ्हावा की!" ऐतवारी शेजारच्या गावचं, कव्हेंट्रीवालं हजर. त्यांच्याकडंबी म्हातारं न्हाई!

दोन म्हयनं असंच गेलं बघा. निघायच्या दिवशी इमानतळावर समदं मंडळ रडतंय. त्या गर्दीत एकदाचा कानिफला उचलून छातीशी धरला. म्हटलं, "वळखलंस का रं, मी कोन?"

पोरगं हुशार. म्हनतं, "मंडळाचे आजोबा!"

हबकलोच वो मी... तवर त्यानं माज्या गळ्याला मिठी मारली आन् कानाशी लागून हळूच इचारतं, "आजोबा, आमचा नंबर कधी?"

म्हटलं, "बाळा, विजयमालाबाईंना इचार."