उंबरदऱ्याचा पाणीवाला

ऐका. शेकोटीजवळ सरकून बसा आणि मधी बोलू नका. मी स्वतः काही बघितलेलं न्हाई. सुबरावनं मला जसं सांगितलं, तसं सांगतो. पदरचं मीठ घालणार न्हाई.

सुबराव म्हणजे वरच्या आळीतला. जुनी पांढरी मोटार होती बघा, तोच. त्याच्या सासूचं, हौसाबाईचं, तालुक्याला डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यावर ताजी पट्टी. म्हणजे म्हातारीला दिसत काहीच नव्हतं. डॉक्टरनं सोडलं ते दिवस बुडाल्यावर. सडकेनं यायचं तर लांबचा वळसा. सुबराव म्हणाला, "मामी, उंबरदऱ्यातनं जाऊ. लवकर पोचू."

"न्या तिकडनं, जावईबापू. मला काय, सगळीकडं अंधारच हाय."

निघाले. म्हातारी पुढंच बसली, सुबरावच्या शेजारी. पायाशी पाण्याचा कॅन. उकळून गार केलेलं पाणी, डोळा पुसायला.

दरा चढायला लागले, तशी म्हातारी म्हणाली, "गूळ करपल्यागत वास येतोय कसला?"

सुबरावनं काट्याकडं बघितलं. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा. पार लाल पट्टीला टेकलेला! कूलंट गळत होतं. कूलंट म्हणजे ते हिरवं पाणी रे, इंजिन थंड ठेवणारं. ते संपलं की इंजिन जाम. सुबरावनं गाडी थांबवली. आणि थांबवली कुठं? दऱ्याच्या तळाशी खोल डोह हाय, बरोबर त्याच्या वर! बॉनेट उघडलं. वाफच वाफ.

वाफ जरा विरली, तर पलीकडं माणूस उभा. खाकी शर्ट, सगळा भिजलेला. शिमगा होऊन गेलेला, पावसाचं नाव न्हाई, आणि ह्याच्या अंगावरनं पाणी निथळतंय. हातात डबा, काठोकाठ भरलेला.

"गाडी तापली का, दादा? झाकण खोला. मी पाणी ओततो."

आता, तापलेल्या रेडिएटरचं झाकण खोलायचं नसतं, हे सुबरावला चांगलं ठाऊक. आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. तोंड भाजलं की माणूस पाण्याकडं धावतो. आणि पाणी कुठं? खाली, डोहात. पण ऐका! त्याचा हात आपोआप चालला. फडकं घेतलं. झाकणावर ठेवलं. झाकण फिरवायला लागला.

आतनं म्हातारी ओरडली, "जावईबापू, कुणाशी बोलताय?"

"हे दादा पाणी घेऊन आलेत, मामी."

"आले कसे? खाली सगळा पाचोळा पडलाय. तुमचं पाऊल वाजतं. दुसरं पाऊल वाजलंच न्हाई!"

चटका बसल्यागत त्यानं हात मागं घेतला. वर बघतो तर माणूस न्हाई. डबा न्हाई. काही न्हाई.

सुबराव गाडीत येऊन बसला. काचा वर केल्या. इंजिन गार होईस्तोवर थांबणं भागच होतं. मग खालनं हाक आली. बाईची. "आये, अगं घागर उचलू लाग की! मला एकटीला उचलंना!"

शालनचा आवाज. सुबरावच्या बायकोचा! म्हातारीची पोटची पोर. मघाशी शहाणपणा शिकवणारी म्हातारी, पण तिनं दार उघडलं की! एक पाय बाहेर. सुबरावनं मनगट धरलं.

"मामी, शालन घरी हाय."

"माझी पोर हाक मारतीया..."

"घरी हाय ती. मी सोडणार न्हाई तुम्हाला."

खालचा आवाज रडायला लागला. म्हातारी पण रडली. डॉक्टरनं रडू नका म्हणून बजावलेलं. पण सुबरावनं मनगट काही सोडलं न्हाई. आवाज दमला आणि थांबला.

इंजिन निवलं. सुबराव उजेडाला हातबॅटरी घेऊन उतरला. भीती वाटत होती, पण गळती काढल्याशिवाय सुटका नव्हती. गळती अशी सापडत न्हाई बरं का. पाणी गळतं एकीकडनं आणि ओघळतं भलतीकडं. त्यानं सगळं फडक्यानं कोरडं केलं, मग बघत बसला, कुठं ओलं होतंय. पंप कोरडा. रेडिएटरची जाळी कोरडी. वरचा रबरी पाइप, तो आवळणाऱ्या लोखंडी पट्टीजवळ चिरलेला! त्यानं चिरलेला तुकडा कापला, पाइप ओढून पुन्हा बसवला, पट्टी आवळली. म्हातारीनं कॅन पुढं केला. "माझ्या डोळ्याचं राहू दे. घरी पुन्हा उकळू." पाणी ओतलं. झाकण लावलं. गाडी चालू केली. पाइप कोरडा. गळती बंद.

तरी टप. टप. टप.

सुबरावनं वाकून गाडीखालनं पलीकडं बॅटरी मारली. पाय दिसले न्हाईत. नुसते थेंब पडत होते. अधांतरी. म्हातारीच्या दाराशी.

पळाला! बसला, गिअर टाकला. दरा उतरायला लागले आणि म्हातारी हळूच म्हणाली, "मागं कोण बसलंय?"

मागं बघितलं न्हाई त्यानं. पाठीला गार लागलं. ओला हात मानेवर आला. बर्फागत! आणि काटा पुन्हा वर चढत होता. तेव्हा त्यानं काय केलं, ऐका. इंजिनची उष्णता ओढून घ्यायला गाडीतला हीटर सोडला. पूर्ण. त्याच्या मनात फक्त इंजिन होतं. पण धगधगता वारा मागं गेला, आणि मागनं असा आवाज आला, तव्यावर पाणी पडल्यागत! मानेवरचा हात सुटला. मागचं दार आपोआप उघडलं आणि आदळलं. काटा खाली आला.

घरी पोचले. मागची गादी पिळून काढावी इतकी ओली. शालन दारातच उभी होती. म्हातारीनं तिचं तोंड चाचपलं, दोन्ही हातांनी, कितीतरी वेळ.

तो खाकीवाला कोण, म्हणता? टेम्पोवाला होता. त्याचीही गाडी तिथंच तापली. पाणी आणायला डोहात उतरला, तो वर आलाच न्हाई. वाईट माणूस नव्हता. गाडीला पाणी पाहिजे, एवढंच त्याला अजून माहीत हाय.

तर पोरांनो, वळसा पडला तरी सडकेनं या. उंबरदऱ्यात पाय ठेवू नका. आणि कधी अडकलाच, तर तहानेनं मरा, पण कुणी आणून दिलेलं पाणी घेऊ नका.