मशीनवाल्याची चूल

मी मूळचा हिकडचा न्हाई, कुंडलचा. बाप दुसऱ्याच्या मळ्यात मोटंवर हुता आन् आई मी रांगत हुतो तवाच गेली, त्यामुळं आईचं त्वांड मला आठवत न्हाई, आठवती ती आक्का. हौसाक्का, माझी थोरली भन. तिनंच मला न्हायला घातलं, तिनंच साळंत नेऊन बशीवलं, आन् साळंतनं पळून आलो की तिनंच फोकानं बडीवलं. तिचं लगीन झालं आन् ती हितं, कोयनेच्या खोऱ्यात डोंगरात दिली, तवा मी तिच्या गाडीमागनं रडत पळालो हुतो म्हनं. लोक अजून हसत्यात, नवरी गप बसल्याली आन् नवरीचा भाऊच गळा काढतोय. पुढं बाप बी गेला. तवा दाजींनी, म्हंजी आक्काच्या मालकांनी, सांगावा धाडला, शंकर, हिकडं ये, धरनाचं काम चालू हाय, हाताला काम मिळंल. आलो. त्यांच्या पडवीत ऱ्हायलो, त्यांच्या घरात जेवलो, त्यांनीच शेजारच्या वाडीतली शालन माझ्यासाठी बघितली आन् आपल्या घराच्या वरल्या अंगाला मला दोन खनाचं घर घालून दिलं. काय सांगू तुमाला, बापानं केलं नसतं तेवडं दाजींनी केलं.

मग त्यो भूकंप झाला. सदुसष्ट सालचा. त्यो तुमी पेपरात वाचलाय, मी त्येचं सांगत बसत न्हाई, सांगाय बसलो तर आज उरकायचं न्हाई. आमच्या घरातलं मानूस गेलं न्हाई एवडंच. दाजींची म्हस गेली, दोनी घरं बसली, गावातली लय मानसं गेली. पर लोकांना वाटतं भूकंप झाला आन् संपला. तसं नसतंय आवं. त्यो पुढं वर्सानुवर्सं येतच ऱ्हायला. आठवड्याला, पंधरवड्याला, कवा दिसातनं दोनदा. डोंगराच्या पोटातनं ट्रक गेल्यागत आवाज यायचा आन् आवाजाबरुबरच जमीन हालायची, कौलातनं माती गळायची, फळीवरची भांडी वाजायची. मग बायका म्हनायच्या, आला गं, गेला गं. तान्ही पोरं रडायची बी न्हाईत, त्यांना वाटायचं जमीन आशीच आसती. कऱ्हाडकडची सोयरी पोरगी द्यायच्या आदी इचारायची, तुमच्यात जमीन हालती का? आमी म्हनायचो, पोरगी नांदाय आली की तिच्या पोराचा पाळना हालवायला नगं, जमीनच हालवती.

तवा सरकारनं हितं भूकंप मोजायचं मशीन बशीवलं. खोली बांधली टेकाडाखाली, दारामागं दुसरं दार, आन् मशीन राखायला मानूस पायजे हुता. साळा थोडी झाल्याली, घड्याळ कळायचं, मी लागलो. काम काय, तर सकाळी कागदावर चिमनीची काजळी धरायची, काळाकुळकुळीत करायचा, त्यो ढोलावर गुंडाळायचा, ढोल फिरत ऱ्हातो आन् त्येच्यावर सुई पांढरी रेघ वडत ऱ्हाती. जमीन हालली की रेघ वाकडी. दुसऱ्या दिवशी त्यो कागद काडायचा, लाखंच्या पान्यात बुडवायचा म्हंजी काजळी पुसत न्हाई, वाळवायचा आन् हापिसात द्यायचा. अंगावर कपडं कायम काळं. शालन म्हनायची, सरकारी नोकरी म्हनून सांगितलं हुतं, ह्यो तर कोळसंवाला निघाला.

आमचं सायब सोलापूरकडचं, लय सालस मानूस. त्यांनी पैल्याच दिवशी मला सांगितलं, शंकर, हे मशीन झालेलं लिवतं, होनारं न्हाई, हे डोक्यात ठेव. मी ठेवलं. पर गावाच्या डोक्यात कोन घालनार? दुसऱ्याच दिवसापास्नं लोक दारात. शंकरराव, उद्या वाईला जायचंय, हालंल का? शंकरराव, पोरीची हळद मंगळवारी धरू का बुधवारी? मी म्हनायचो, आवं मला ठावं नसतं. आमच्या आळीतला एक म्हातारा तर लय भांडला, म्हनला, वाईचा भटजी पंचांग बघून सांगतो, त्येला तर मशीन बी न्हाई, आन् तुला सरकारनं एवडं मशीन दिलंय तर तू म्हनतोस ठावं न्हाई, मग पगार कशाचा खातोस रं?

आता चुलीचं सांगतो. मोठ्या भूकंपापास्नं आमच्याकडं सगळ्यांनी चुली अंगनात काडल्या हुत्या. झोपायला सरकारी पत्र्याचं शेड आन् सैपाक मांडवाखाली. घरं पुन्यांदा हुबी केली तरी आत सैपाक करायला बायका भ्यायच्या. पुढं हळूहळू कुनी आत, कुनी बाहीर आसं चाललं. एकदा शालननं घर सारवायला काडलं आन् चूल बाहीर आनली. झालं, दुपारच्याला बघतो तर सगळ्या आळीच्या चुली बाहीर! मी हसलो, लय हसलो. आन् नशीब बघा कसं, दोनच दिवसांनी चांगला धक्का आला, एका घराचं पाखं खाली आलं. तवापास्नं माझं हसनं बंद झालं. लोकांनी मनात पक्कं धरलं की शंकरला सगळं कळतं, पर सरकारनं त्येचं त्वांड बांधलंय, म्हनून त्यो चुलीनं सांगतोय.

मी देवाच्या आना घेतल्या. आना घेतल्या तर म्हनायचे, घेनारच की, नोकरी हाय त्येची. आन् सगळ्यात जादा इस्वास आक्काचा. तिला म्हनलं, आक्का, तू तरी माझ्या चुलीकडं बघू नगंस गं, मला खरंच ठावं नसतं. तर आक्कानं हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, माझ्या गालाला हात लावला आन् बारीक आवाजात म्हनली, कळलं मला, मी कुनाला बोलत न्हाई, तुझी नोकरी नगं जायला.

आन् भिंतींचं बी सांगायला पायजे, न्हाईतर तुमाला कळायचं न्हाई. आमच्याकडची भित कशी, तर बाहीरनं दगडाची एक वळ, आतनं दुसरी वळ, आन् मधी माती, बारीक धोंडं, हाताला लागंल ते भरायचं. दिसाय दांडगी. पर ती एक भित नसतीच, सायब सांगायचे, त्या दोन भिती हायत, शेजारी शेजारी हुब्या. जमीन हालली की मधली भर खाली बसती, भितीचं प्वाट फुगतं, आन् बाहीरची वळ बाहीर जाती, आतली आत येती. त्येला औशीद एकच, लांब दगड आरपार घालायचा, दोनी वळी धरून ठेवायला. दाजी घर पुन्यांदा बांधत हुते तवा सायब सोता येऊन सांगून गेले. दाजी हो म्हनले. पर लांब दगड कुठनं आनायचा, आन् गवंडी म्हनला, गेल्या बारीला भित पडली ती बारीक हुती म्हनून, आता दीड हात जादा रुंद घालू. समद्या गावानं तेच केलं. डोंगरातल्या मानसाला रुंद भितीचा लय आधार वाटतो. मी मातूर कुडाचं घर केलं, कारवीच्या काट्या आन् वरनं शेनमाती. शहानपनानं न्हाई केलं आवं, माझ्याकडं दगड आनायला बैलं कुठं हुती? लोक हसले, सरकारी मानूस आन् घर कोंबड्याच्या खुराड्यागत.

दुष्काळाच्या पुढलं वरीस ते. दुष्काळ फिटला, पाऊस चांगला झाला, लोकांच्या तोंडावर जरा कळा आली. दिवाळीच्या तोंडावर जाता जाता पाऊस पुन्यांदा आला, दोन-तीन दीस धरला. शालनच्या वटीत धाकटं हुतं, वल्या लाकडाचा धूर, मांडव गळतोय, ती म्हनली, मी आज चूल आत घेते बाई. घे म्हनलं. कुडाचं घर, त्येच्यात काय भ्यायचं? मशीनची, भूकंपाची आठवन सुदिक आली न्हाई त्या वक्ताला. खाली आक्काचं अंगान. तिनं माझ्या कौलातनं धूर निघताना बघितला आन् तिनं बी चूल आत घेतली.

आक्काची कमळ. दहा-अकरा वर्साची आसंल. मामा मामा करून नुसती मागं आसायची, माझ्या हाताची काजळी घेऊन मिशा काडायची सोताला. त्या सांजंला आक्कानं तिला तव्यापाशी बशीवलं, म्हनली, एवडी भाकरी उलाट, मी शेनी घेऊन आले. आक्का उंबऱ्याबाहीर पडली आन् आवाज आला.

मी जेवत हुतो. ताट हाललं, आमचं खुराडं करकर करकर वाजलं आन् थांबलं. एक काटकी पडली न्हाई. मी बाहीर आलो, खाली बघितलं तर दाजींच्या घराच्या जागी धुरळा. बाहीरची वळ अंगनात पडल्याली, आतली वळ चुलीवर. दाजी आन् मी, मागनं सगळी आळी, हातानं दगड काडत हुतो. दगड मोठाले, मोठ्या भितीचे. किती येळ गेला ठावं न्हाई. कमळ घावली तवा तिच्या हाताला पीठ तसंच हुतं. पुढचं मी सांगत न्हाई, मला सांगवत न्हाई.

आक्का रडली न्हाई. माझ्या घराकडं बघितलं तिनं, हुबं हुतं ते, दारात शालन पोराला घेऊन हुबी. मग माझ्याकडं बघितलं आन् म्हनली, तुला ठावं हुतं. मी म्हनलं, आक्का. ती म्हनली, तुला ठावं हुतं, तुझं तू वाचीवलंस, माझं मारलंस.

झालं. त्येच्यानंतर भन माझ्याशी बोलली न्हाई. भाऊबीज आली, मी दारात जाऊन बसलो, ती बाहीर आली न्हाई. दाजी बोलायचे, दाजी पान द्यायचे, तिचं मनावर घेऊ नगंस म्हनायचे. पर ती झऱ्याला जायची तर माझं दार नगं म्हनून वड्याकडनं वळसा घालायची. आन् झऱ्यावर बायकांत माझा उद्धार. त्येला ठावं हुतं. ज्येला आईवानी वाढीवलं त्येनंच माझं लेकरू दगडाखाली घातलं. कमरंवर हात ठेवून, घागर तशीच खाली ठेवून बोलायची, शिव्या द्यायची, वरल्या घरात मला ऐकू यावं म्हनून मोठ्यानं द्यायची. मी ऐकायचो. चार वर्सं ऐकलं. रोज सकाळी उठून कागदाला काजळी धरायची आन् रोज संध्याकाळी त्या शिव्या ऐकायच्या. सायबांनी इचारलं, बदली मागून घेतोस का? मी म्हनलं, नगं. बदली घेतली आस्ती तर ती म्हनली आस्ती, बघा, पळाला.

आनीबानी उठली त्या साली दाजीच एकदा कटाळले. त्यांनी तिला म्हनलं, हौसा, एकडाव तुझ्या डोळ्यांनी बघ ते मशीन, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. आन् भर दुपारी तिला हाताला धरून घेऊन आले. तिनं पायातल्या वहाना बाहीर काडल्या, आत आली आन् मशीनला हात जोडले. मी म्हनलं, आक्का, देव न्हाई त्यो. चार वर्सांनी आक्का म्हनून हाक मारली. म्हनलं, पाय आपट. तिनं पाय आपटला. सुई हालली. म्हनलं, अजून आपट. आपटला, सुई हालली. मग ती पाय न आपटता नुसती बघत ऱ्हायली, सुई सरळच चालली. लय वेळ बघत हुती. मला म्हनली, आदी काय दाखवत न्हाई? न्हाई आक्का. इतकं सुदिक न्हाई? न्हाई गं. मग त्या सांजंला? त्या सांजंला जमीन हालली तवाच सुई हालली, आन् तवा तर हितं कुनीच नव्हतं, मी घरात जेवत हुतो.

आक्का खाली फरशीवर बसली. मला वाटलं आता माझ्या गळ्यात पडंल, मी तयारीत हुतो. तर ती म्हनली, मग शंकर, मी शिव्या कुनाला देऊ रं? तुला ठावं हुतं आसं धरून मी एवडी वर्सं काडली. तुला ठावं नव्हतं, तर मग कुनालाच ठावं नव्हतं. मग माझं लेकरू आसंच गेलं? दाजी भितीकडं त्वांड करून हुबे हुते.

आता बोलती माझ्याशी. राग न्हाई, भांडान न्हाई. वड्याचा वळसा बी घालत न्हाई, माझ्या दारावरनंच जाती. पर झऱ्यावर आता तिचा आवाज येत न्हाई. घागर भरती आन् येती. घरात भाताच्या पोत्याला टेकून बसती, दीस मावळला तरी उठत न्हाई. दाजी मला म्हनतात, शंकर, ती भांडायची तीच बरी हुती रं, भांडायला तरी उठायची. मला बी तसंच वाटतं बगा. तिचा राग तिला ऱ्हाऊ द्यायला पायजे हुता का काय, कळत न्हाई. मी निर्दोष निघालो, पर त्यात तिचं काय ऱ्हायलं?

ह्या भाऊबीजंला मी मुद्दाम उशिरा गेलो. म्हनलं, आता तरी खवळंल, ल्हानपनी उशीर केला की काठी घेऊन वेशीपतूर यायची ती. ताट तयार हुतं. तिनं माझ्याकडं बघितलं, डोईवरचा पदर सारखा केला, पाट फुडं सरकीवला आन् म्हनली, या, बसा. मला, तिच्या शंकरला, या, बसा. मी बसलो. तिनं ववाळलं, सुखी ऱ्हावा म्हनली, आन् ताट घेऊन आत गेली.