दाराजवळच्या खुर्च्या

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, सरपंच सत्यवतीताई, सत्कारमूर्ती डॉक्टर अनुयाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेल्या माताभगिनी आणि अगदी मागे, दाराजवळच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसलेले माझे समदुःखी मित्रहो,

सूत्रसंचालक मघापासून विनवताहेत, "ज्येष्ठांनी कृपया पुढे यावं." ते येणार नाहीत. का, ते सांगायलाच मी, यज्ञेश्वर, तुमचा निवृत्त मुख्याध्यापक, उभा आहे.

आपल्याकडे लग्नात ज्येष्ठाला पहिल्या रांगेत बसवतात. मानाची खुर्ची. एकदा टेकलात की पंगत उठेपर्यंत सुटका नाही. माझं प्रोस्टेटच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, अनुयाताईंनी तो वेळेत ओळखला म्हणून वाचलो. पण त्यानंतर लघवी धरवेना. बघा, माइकवरून म्हणालो, छप्पर जागेवर आहे. पण तेव्हा त्या खुर्चीची अशी धडकी भरली, की मी लग्नांना जाणंच सोडलं. माझा मित्र भागोजी, त्याचंही ऑपरेशन, त्याचंही तेच. आणि आम्ही दोघं एकमेकांपाशीही अवाक्षर बोललो नाही.

मग गावाने काय समजावं? मानपानावरून रुसले! लोक नारळ घेऊन समजूत काढायला येऊ लागले. मी रुसलो नव्हतो, पण दारी आलेला नारळ परत कसा पाठवायचा? स्वतःची नारळाची वाडी असून आम्ही लोकांचं खोबरं खात होतो.

भागोजीला मात्र फार महागात पडलं. तो सख्ख्या नातीच्या लग्नाला गेला नाही. त्याची लेक केसर म्हणाली, "माझ्या पोरीवर अक्षता टाकायला बापाचे हात झिजले असते काय?" तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो घरात बसून राहिला.

अशात मुंबईच्या संशोधकांनी डॉक्टर अनुयाताईंना विचारलं, की या आजारावर पुढे जे संशोधन होईल, त्यात आधी कशाचा शोध लागावा? ताई म्हणाल्या, ज्यांनी भोगलंय त्यांनाच विचारू. याच सभागृहात रुग्णांना घरच्यांसह बोलावलं. आम्ही पुरुषांनी काय करावं? सभा म्हटल्यावर आम्ही ठराव केला! "आयुष्य वाढवणारं औषध निघावं." सूचक मी, अनुमोदक भागोजी. एकमताने मंजूर. चहा आला.

तेवढ्यात भागोजीच्या घरच्या, आवडाबाई, उठल्या. "डॉक्टर, ह्यांचा जीव वाचवलात, लय उपकार. पन माणूस कुठं हाय? लघवी ऱ्हात न्हाय म्हणून घरात कोंडून घेतलंय. नातीच्या लग्नाला आला न्हाय. माणसाला मांडवात बसता येईल, असं कायतरी आधी शोधा."

भागोजीने मान खाली घातली. आईला सोबत म्हणून आलेली केसर भिंतीला टेकून उभी होती. तिने एक खुर्ची उचलली, दाराशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "बाबा, हितं बसा." मला रडू आलं, सरळ सांगतो. मग मीही माझी खुर्ची उचलली. आमचे बाकीचे सुज्ञ सभासदही हळूहळू सरकले. ठराव तिथेच राहिला.

ताईंनी तो प्रश्न मुंबईला नेला. तिथे कुणी म्हणालं, जीव वाचवण्यापुढे हे किरकोळ आहे. ताई म्हणाल्या, वाचलेला माणूस माणसांत परत आला पाहिजे, आणि हटल्या नाहीत. अहवालात आता तो प्रश्न वरच्या रांगेत आहे. वाक्य एवढं लांबलंय, की मला दोनदा वाचूनही कळलं नाही. पण 'मांडव' हा शब्द ताईंनी आत ठेवायला लावला.

आता त्याच कामासाठी ताई आपल्याला सोडून मुंबईला चालल्या आहेत. वाईट वाटतंय, खूप वाटतंय. ताई, तिकडे पुन्हा कुणी किरकोळ म्हणालं, तर आम्हाला बोलवा. रेवसहून लाँचने सगळे येऊ. लाँचमध्ये सोय आहे का, तेवढं आधी कळवा.

शोध लागेल तेव्हा लागेल. वैशाखात केसरच्या धाकटीचं लग्न आहे. आजोबांची मानाची खुर्ची मांडवाच्या मागच्या दाराशी ठरली आहे. कुणी त्यांना पुढे ओढू नये, आणि नारळ तर मुळीच आणू नये.

अध्यक्षांचे, आयोजकांचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार. काही उणंअधिक बोललो असेन, तर या म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण आता मला जायलाच हवं. भागोजी, माझी खुर्ची धर.