काल्यात गेलेलं दही

मंडळी, हंडी बांधून तयार आहे, पोरांच्या माना वर बघून अवघडल्यात — दिसतंय मला! पण दही खायच्या आधी दह्याचाच एक प्रश्न सोडवू. एखाद्या वस्तूतलं सगळं बदललं, तर ती वस्तू तीच राहते का हो?

घाबरू नका, सोपं करते. घरी भिंतीवर लग्नाचा फोटो आहे ना? नवरदेवाकडे बोट दाखवून तुम्ही म्हणता, 'हा मी.' कशावरून? ती कातडी केव्हाच झडली, रक्त नवं, केस — जाऊ द्या, पुढच्या रांगेत केसांचा विषय नको! आता नेमकं बोलायचं, तर डोळ्यातल्या भिंगाचा गाभा जन्माचा तोच राहतो, मेंदूतल्या पुष्कळ पेशीही टिकतात. म्हणून 'सगळं' नाही म्हणत, 'बरंचसं' म्हणते. देवळात कशाला खोटं बोला! पण मग बायकोनं इतकी वर्षं संसार कुणाशी केला — भिंगाशी?

हसलात! आता ऐका.

एक गाव होतं आपल्यासारखंच. तिथं शालन नावाची सून. नवरा नोकरीला परगावी, घरात ती आणि सासरे. सासूबाई, सोनाबाई, वर्षापूर्वी गेल्या. त्या गेल्या आणि म्हाताऱ्याचं बोलणंच आटलं. पण दुपारी शेवटचा दहीभात कालवला की एवढंच म्हणायचे, "सोनाचं दही."

खरंच होतं ते! सोनाबाईंनी लावलेल्या दह्यातलं चमचाभर विरजण शालननं मागं ठेवलं, त्यावर दुसऱ्या दिवशीचं लावलं, त्यातलं पुन्हा मागं. माणूस गेलं, पण दही काही तुटलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या लेखी बायको अजून त्या गाडग्यात होती, आणि ते गाडगं होतं शालनच्या हाती. केवढी जोखीम! सासू सांभाळणं सोपं, मंडळी — सासूचं दही सांभाळून बघा!

आला काल्याचा दिवस. गावात रीत होती, घरटी दही द्यायचं. सकाळी देवळाची माणसं घागर घेऊन दारात. "वहिनी, दही!" शालनला सासूचा शब्द आठवला — देवाला देताना मागं ठेवू नये. तिनं गाडगं उचललं आणि घागरीत पालथं केलं. बोटानं निपटून दिलं. हात जोडले. वर गाडगं राखेनं घासून उन्हात वाळत घातलं!

दूध कोमट झालं. विरजण घ्यायला हात फडताळात गेला, आणि —

काय असणार तिथं?

तशीच धावली देवळाकडे. तिथं धोंडीराम गुरव परातीत कोपरापर्यंत हात घालून काला कालवतोय. पोहे, लाह्या, मिरची, लोणचं, साऱ्या गावाचं दही!

"धोंडीभाऊ, थांबा! आमचं दही चमचाभर परत पाहिजे!"

"देतो की वहिनी! कुठल्या पोह्याला चिकटलंय तेवढं दाखवा!"

सगळे हसले. शालनच्या डोळ्यांत पाणी. मामंजींना उद्या काय वाढायचं? उरलंसुरलं माणूस आपण देवळाच्या घागरीत ओतून बसलो!

परत येताना शेजारच्या हौसाकाकूंनी अडवलं. "अगं, तोंड का उतरलंय?"

शालननं सगळं सांगितलं. काकू आत गेल्या, वाटीत दही घेऊन आल्या. "घे."

"पण काकू, हे तुमचं. आत्याबाईंचं नव्हे."

काकू पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अगं खुळे, तुझी सासू दर काल्याला हेच करायची! देवाला सगळं पालथं. आणि मग वाटी घेऊन माझ्या दारात. मी आपली पापी, मागं ठेवते थोडं! आणि माझं नासलं की मी तुमच्या दारात. आता ह्यातलं तिचं कुठलं, माझं कुठलं? तूच निवड!"

शालनचा श्वास जरा मोकळा झाला. जराच! कारण सासरे उरले होते. गप्प बसता आलं असतं. दही दिसायला दह्यासारखंच असतं! पण दुसऱ्या दिवशी त्यांनी भात कालवला तसा तिनं धीर केला.

"मामंजी, खायच्या आधी सांगते. आत्याबाईंचं दही मी काल्यात घालवलं. सगळं. हे त्यांचं नाही."

म्हाताऱ्यानं घास घेतला. सावकाश खाल्ला.

"हौसाचं ना?"

"तुम्हाला… ठाऊक होतं?"

"अगं, काल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे दही जरा घट्टच व्हायचं. दरसाल. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. तिला वाटायचं, ह्यांना काय कळतंय!"

आणि तो माणूस हसला, मंडळी! ठसका लागेपर्यंत हसला!

"मग रोज सोनाचं दही म्हणता ते?"

"सोनाचंच. देवाला सगळं पालथं करायचं आणि वाटी घेऊन शेजारी जायचं, हीच सोना. काल तू गेलीस ना? मग झालं तर. वाढ अजून थोडं."

शालननं वाढलं. वर्षभर खांद्यावर चढून बसलेलं ते गाडगं तिनं त्या दुपारी खाली ठेवलं.

बघा, दूध रोजचं नवं. विरजणातले जीवही जुने मरतात, नवे होतात, वाऱ्याबरोबर चार पाहुणे आत शिरतात. त्यातला कण न् कण तपासा, सोनाबाई सापडायच्या नाहीत. पण एका हातानं दुसऱ्या हाताला दिलं, ती चाल तुटली नाही. निदान मला तरी 'तेच' ह्या शब्दात ह्याहून भक्कम काही सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा, मी ऐकायला तयार आहे.

आणि आता तुमच्याकडे वळते! माझं घर, माझी रीत, माझ्या आईचा हात — गाडगं छातीशी धरून बसलाय ना? सैल सोडा जरा. काही सांडलं, नासलं, हातून गेलं, तर ते शेजारी कुणाच्या तरी फडताळात आहे. पण त्यासाठी शेजारी बोलणं हवं! ह्या मांडवात एकमेकांकडे पाठ करून बसलेली दोन घरं मला इथून दिसतायत. नावं घेत नाही. आज सकाळी त्या दोन्ही घरांतलं दही एकाच घागरीत गेलंय आणि मगाशी एकाच हातानं कालवलंय. आता घ्या निवडून!

नाही जमत? मग संध्याकाळी वाटी घेऊन त्यांच्या दारात जा.

चला पोरांनो, फोडा हंडी!