शालूबाईंचा व्हिसा

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर मैनाबाई बाळापूरच्या गाडीसाठी बसल्या होत्या. शेजारी एक तरुण जोडपं होतं, दोघंही शिक्षक.

"शालू, आफ्रिकेतल्या शाळेनं तुले घेतलं, मले नाही. आता कसं?"

"तुमी माह्यासंग चला. नवरा म्हणून व्हिसा भेटते."

"मंग तिथं मीबी शिकवीन."

"नाही जमत. त्या व्हिसावर नोकरी केली तं दोघायलेही वापस धाडतीन."

"मंग मी दिवसभर करू काय?"

"घर सांभाळा. जवारी तिथंबी पिकते, मी इचारून ठेवलं."

मास्तरांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले.

"पण मले भाकर थापता येत नाही."

मैनाबाईंनी आपली पिशवी बाजूला सरकवली.

"इथं बसा, मास्तर. आधी पीठ कसं भिजवा लागते, ते आयका."