दुसरी चावी

तुम्ही म्हणता, आमच्या ह्यांनी आपली लाल स्पोर्ट्स गाडी विकली. खोटं आहे. ती मी विकली.

ह्यांनी तीन गिऱ्हाइकांना चहा पाजून परत पाठवलं. एकाने दार आपटलं, एक बॉनेटला टेकून उभा राहिला, तिसऱ्याचं तर ह्यांना हसणंच आवडलं नाही.

चौथं विसरवाडीचं जोडपं. व्यवहार झाला, पण ह्यांनी एकच चावी दिली. म्हणाले, "दुसरी सापडी नही ऱ्हायनी." ती ह्यांच्या खिशात होती, मला ठाऊक होतं.

मी त्या बाईला स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, "गाडी बुटकी आहे. दोघं बसलात की स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासतं. मी चौदा वर्षं प्रत्येक स्पीडब्रेकरला उतरले, तेवढा चालत ओलांडला आणि परत बसले."

ते निघाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच स्पीडब्रेकर आहे. तिथे गाडी थांबली. बाई उतरली, पदर सावरत चार पावलं चालली, मागून गाडी अलगद पुढे सरकली.

हे बघतच राहिले. मग खिशात हात घालून तरातरा निघाले.

"थांबा भाऊ, दुसरी चावी सापडनी."